लाल ठिपका

सकाळी दहाच्या सुमारास पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात डोकावले, तर कचरा गोळा करणाऱ्या ताई खाली बसून सुका कचरा निवडताना दिसतात. पुठ्ठा एकीकडे, रद्दी दुसरीकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, काच वेगळी, पत्र्याचे डबे वेगळे. पालेभाजी निवडावी तसे हात सराईतपणे चालत असतात. मध्येच वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी पुडी हाताला लागते आणि हात थबकतो. आत काय आहे ते वरून कळत नाही. भंगारात चार पैसे मिळवून देणारी बाटली असेल, फुटलेल्या पेल्याच्या काचा असतील, नाहीतर वापरलेले सॅनिटरी पॅड किंवा बाळाचे डायपर असेल. खात्री करायला पुडी उघडावी लागते.

त्या पुडीवर लाल पेनाने एक ठिपका काढलेला असेल, तर ती उघडावी लागत नाही. ताई ती तशीच बाजूला ठेवतात आणि पुढच्या वस्तूला हात घालतात.

पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हा लाल ठिपका घराघरांत पोहोचवण्याचा प्रयत्न केला. त्यामागे मोठी वाटचाल आहे. १९९३ साली कामगार नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण व पौर्णिमा चिकरमाने यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तोवर कचराकुंड्यांत हात घालून पोट भरणाऱ्या या बायकांकडे कामगार म्हणून कोणी पाहतच नव्हते. त्यांतल्या बहुसंख्य दलित समाजातल्या. संघटनेने दिलेली ओळखपत्रे महापालिकेने नव्वदच्या दशकातच मान्य केली. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ आणि पुणे महापालिका यांच्यात करार झाला आणि कुंडीशी उभ्या राहणाऱ्या बायका नागरिकांच्या दारापर्यंत आल्या. दारात आल्यावर त्यांनी एक साधी मागणी केली : ओले-सुके वेगळे द्या, आणि सॅनिटरी कचरा गुंडाळून, खूण करून द्या.

कायद्याचेही तेच म्हणणे आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करायला सांगितले. सॅनिटरी पॅड व डायपर बनवणाऱ्या कंपन्यांनीही ते टाकण्यासाठी पिशव्या किंवा वेष्टने पुरवावीत, असे त्यांत होते. त्याआधी, २०१३ साली, पुण्यातल्या कचरावेचकांनी वापरलेली पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली होती. आपल्या हाताला रोज काय लागते, हे सांगण्याची याहून थेट पद्धत सापडणे कठीण. जुन्या वर्तमानपत्रांपासून खास पिशव्या शिवून, चिकटवून विकण्याचाही उपक्रम या बायकांनी चालवला.

तरीही ठिपका नसलेल्या पुड्या येतच राहतात. नैतिकतेचा विचार करायला हा ठिपका फार उपयोगी आहे. तो काढायला दोन सेकंद लागतात. पैसे लागत नाहीत, धैर्य लागत नाही, कोणाचा रोष पत्करावा लागत नाही. त्याचा फायदा कोणाला होतो हे अगदी स्पष्ट आहे. त्या व्यक्तीचा चेहरा रोज सकाळी दारात दिसतो. आणि तो न काढणारी माणसे दुष्ट असतात असेही नाही. त्यांतली पुष्कळजण देणग्या देतात, आजारी शेजाऱ्याला डबा पोचवतात, कामवाल्या मावशींच्या मुलीची फी भरतात. मग पेन हातात का घेतला जात नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायला सांगितले. काहींना विषय दिला होता बायबलमधल्या दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्ताचा, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या गोष्टीचा. वाटेत एका बोळात एक माणूस मान टाकून बसलेला होता. तो खोकत होता, कण्हत होता. तो प्रयोगाचाच भाग होता, पण विद्यार्थ्यांना ते ठाऊक नव्हते. काहींना निघताना ‘भरपूर वेळ आहे’ असे सांगितले होते, काहींना ‘वेळ झालीच आहे’, तर काहींना ‘तुम्हाला आधीच उशीर झाला आहे’. निवांत निघालेल्यांपैकी ६३ टक्के जण त्या माणसापाशी थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. दयाळू शोमरोन्यावर बोलायला निघालेल्यांतही मनात दया जास्त जागी झाली, असे ठामपणे म्हणता येईल इतका फरक दिसला नाही.

४० जणांचा प्रयोग छोटाच म्हणायचा. पण सकाळी साडेसात-आठला शहरी घर कसे असते हे ज्याला माहीत आहे, त्याला तो खोटा वाटणार नाही. गॅसवर पोहे, एका मुलाची रिक्षा खाली हॉर्न वाजवतेय, दुसऱ्याचा एक मोजा सापडत नाही, आणि दारावर बेल वाजते : ‘कचराऽ!’ हाताला लागेल ते पिशवीत कोंबून पिशवी बाहेर जाते. त्या क्षणी आतला माणूस चांगला आहे की वाईट, याचा त्या पिशवीशी फारसा संबंध नसतो.

म्हणूनच ‘माणसाने अधिक संवेदनशील व्हावे’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. संवेदना आहे, घाईत ती हातापर्यंत पोहोचत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी नव्वदच्या दशकात मांडलेला एक साधा उपाय अशा वेळी कामाला येतो. ‘मी कचरा नीट देईन’ असा मोघम निश्चय करण्याऐवजी ‘असे झाले की मी हे करीन’ अशी वेळ, जागा आणि कृती यांची गाठ आधीच बांधून ठेवायची. ‘पॅड किंवा डायपर गुंडाळले की तिथेच लाल ठिपका काढीन.’ असा निश्चय मोघम निश्चयापेक्षा अधिक वेळा पार पडतो, असे त्यांच्या आणि नंतरच्या अनेकांच्या अभ्यासांत आढळले. प्रत्यक्षात त्यासाठी न्हाणीघरातल्या फडताळात जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले चौकोन आणि सुतळीने बांधलेला एक लाल स्केचपेन ठेवावा लागतो. सुतळी महत्त्वाची. नाहीतर पेन मुलांच्या दप्तरात जातो आणि पुन्हा फडताळात दिसत नाही.

इथवर सगळे सोपे आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते. एक गोष्ट करायला लागले की मनात किंवा शेजारी कोणीतरी विचारतेच : ‘ठिपके काढता, पण घरात प्लॅस्टिक येतेच ना? गाडी चालवताच ना? चहात साखर घालताच ना?’ प्रश्न खोटा नाही. रोजच्या जगण्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी घामाशी, कुठल्या तरी नदीशी, कुठल्या तरी जनावराशी जोडलेली असते. सगळ्यांचा हिशेब चुकता करायला बसले, तर माणसाला अंघोळीचे पाणी तापवणेही कठीण होईल. मग मन दोनपैकी एक वाट धरते. काहीजण स्वतःला आणि घरच्यांना छळायला लागतात. बाकीचे ‘काहीच शुद्ध नाही, मग कशाला दगदग’ म्हणून हात झटकतात. दुसऱ्या वाटेवर गर्दी फार मोठी आहे.

पिशवीचेच उदाहरण घ्यावे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि पाणी तुंबण्याच्या कारणांमध्ये नाल्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे नाव पुढे आले. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षी जूनमध्ये दंड सुरू झाला : पहिल्यांदा सापडल्यास पाच हजार रुपये. घरोघरी कापडी पिशव्या आल्या. हे चांगलेच झाले. पण त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि कापडी पिशवीवाल्यांची झोप उडाली. कापूस पिकवणे, सूत काढणे, विणणे, रंगवणे या सगळ्याचा भार धरला, तर साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी हवामानाच्या बाबतीत बरोबरी करायला सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरायला हवी. सेंद्रिय कापसाची असेल तर १४९ वेळा. आणि पाण्यापासून ओझोनच्या थरापर्यंत पर्यावरणाचे सगळे निकष एकत्र लावले, तर साध्या सुती पिशवीसाठी हा आकडा ७,१०० आणि सेंद्रिय सुती पिशवीसाठी २०,००० वर जातो.

हे आकडे वाचून ‘बघा, कापडी पिशवीही वाईटच’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. तो चुकीचा आहे. डेन्मार्कमध्ये वापरून झालेली पिशवी कचऱ्याच्या डब्याला लावली जाते आणि शेवटी भट्टीत जळते. तिथला हिशेब तिथला आहे. नाल्यात तुंबणारी पिशवी, गाईच्या पोटात जाणारी पिशवी, या गोष्टी त्या गणितात धरलेल्या नाहीत. मात्र त्या अभ्यासातून एक धडा नक्की घ्यावा : दर समारंभात वाटली जाणारी, छापील नावाची नवी कोरी कापडी पिशवी हे पुण्यकर्म नाही. कपाटात अशा तीस पिशव्या पडून असतील, तर एकतिसावी नाकारलेली बरी. जुन्या साडीची, विजारीच्या कापडाची, आजीने हातशिलाईवर शिवलेली पिशवी या वादात कधीच हरत नाही, कारण ते कापड आधीच पिकून, विणून, वापरून झालेले असते. आठवड्यातून दोनदा मंडईत नेलेली पिशवी सहा महिन्यांत ५२ चा आकडा गाठते. एखाद्या दिवशी ती घरी विसरली आणि भाजीवाल्याकडून कॅरीबॅग घ्यावी लागली, तर उरलेल्या ५१ फेऱ्या रद्द होत नाहीत.

हे शेवटचे वाक्य पटायला मनाला फार जड जाते. व्रत मोडले की संपले, ही आपल्या मनातली खोलवरची समजूत. उपासाच्या दिवशी चुकून दाणा तोंडात गेला की ‘आता मोडलाच आहे तर जेवूनच घेऊ’ म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो.

या बाबतीत गांधीजींची हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे, आणि ती त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितली आहे. गाई-म्हशींचा शेवटचा थेंब काढण्यासाठी त्यांच्यावर केले जाणारे क्रूर प्रकार कळल्यावर त्यांनी दूध सोडले. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ मध्ये तसा निश्चयच केला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना ते अतिसाराने इतके खंगले की जगण्याची आशा राहिली नाही. हवापालटासाठी त्यांना माथेरानला आणले. तिथले पाणी मानवले नाही म्हणून मुंबईला हलवले. डॉ. दलालांनी सांगितले की दूध घेतल्याशिवाय शरीर उभे राहणार नाही. गांधीजी व्रताचे कारण सांगू लागले, तेव्हा पलंगाशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारले, मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसेल ना? व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती. गांधीजी शेळीचे दूध प्यायले आणि जगले. जगण्याच्या ओढीपुढे आपण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा सोडला, ही बोच त्यांना राहिली. ती त्यांनी लपवली नाही. पण त्या बोचणीपायी त्यांनी अहिंसेचा विचार सोडून दिला नाही, की ‘एवीतेवी मोडलेच’ म्हणून गाईच्या दुधावर आले नाहीत. पुढची जवळपास तीस वर्षे ती अपुरी तडजोड सोबत घेऊनच ते काम करत राहिले.

सामान्य माणसाला साधूच्या मापाने मोजू नये, हे शहाणपण आपल्याकडे फार जुने आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन शेतकरी घरांत ते आजही जगण्याचा भाग आहे. जैन परंपरेत मुनींसाठी महाव्रते आणि गृहस्थांसाठी अणुव्रते अशी सरळ विभागणी आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही तत्त्वे दोघांनाही तीच, प्रमाण वेगळे. शेतात नांगर घालणाऱ्याकडून मातीतला जीव मरणार, हे धर्मानेच गृहीत धरले आहे. जाणूनबुजून, विनाकारण मारू नये, एवढी त्याची मर्यादा. १९४९ साली आचार्य तुलसींनी अणुव्रत आंदोलन सुरू केले तेही याच पायावर : मोठे व्रत नको, व्यापाऱ्याने भेसळ करणार नाही, अशी छोटी आणि तपासता येण्याजोगी प्रतिज्ञा घ्यावी. या परंपरेत प्रतिक्रमणही आहे. दिवसभरात काय चुकले ते पाहायचे, कबूल करायचे, क्षमा मागायची आणि मागे फिरायचे. चूक होणारच हे धरून रचलेली ही सवय आहे. कधीच न चुकणाऱ्या माणसाला प्रतिक्रमणाची गरज नसते.

आता साखरेचा प्रश्न. तो सोपा नाही, म्हणून त्याला थोडा वेळ द्यायला हवा.

१७९१ साली ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्यम विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या लेखकाने एक पत्रक छापले. वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांनी पिकवलेली साखर खाणे सोडा, असे त्याचे सांगणे. त्याने घरगुती हिशेबच मांडला : आठवड्याला पाच पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा मृत्यू टळेल. गणित कच्चे होते, पण ते थेट स्वयंपाकघरात पोहोचले. गुलामगिरीविरोधी चळवळीतले थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली. त्यांत बायका पुष्कळ होत्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता. घरात काय येईल आणि काय नाही, हे मात्र त्यांच्या हातात होते.

या लोकांच्या अंगावरचे सुती कपडे त्या काळी बऱ्याच अंशी वेस्ट इंडीजच्याच कापसाचे होते, आणि तो कापूसही गुलामांच्याच हातांनी वेचलेला. कॉफीची तीच गत. म्हणजे ते अपुरे होते, विसंगत होते. निव्वळ साखर सोडल्याने गुलामगिरी संपलीही नाही. १८०७ मध्ये ब्रिटनने व्यापारावर बंदी घातली, १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. त्यामागे संसदेतली लढाई होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हैतीपासून जमैकापर्यंत गुलामांनी स्वतः केलेली बंडे होती. पण दिवसातून तीनदा साखर न घातलेला चहा पिणाऱ्या माणसाला तीनदा त्या मळ्याची आठवण होत असणार. अर्जांवर सह्या मागायला कोणी आले, तेव्हा अशा घरांचे दार उघडे होते.

महाराष्ट्राच्या साखरेचीही अशीच एक बाजू आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. आजारपणामुळे काम बुडले तर ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात. मासिक पाळीतही, गरोदरपणातही मोळ्या उचलाव्या लागतात. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न्हाणीघर नाही, शौचालय नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट बीडमध्ये घालण्यात आली.

हे वाचल्यावर चहाचा कप हातात धरवत नाही. पण इथे १७९१ चा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. या कष्टांपासून मुक्त असलेली साखर वेगळ्या पुडीत बाजारात मिळत नाही. गूळ घेतला तरी ऊस कोणीतरी तोडलेलाच असतो. आणि उद्या सगळ्यांनी साखर सोडली, तर पहिला फटका त्याच कोयत्याला बसेल. ग्राहक म्हणून शुद्ध राहण्याची सोय इथे नाही, हे मान्य करावे लागते.

मात्र मराठी माणूस साखरेचा केवळ ग्राहक नाही. महाराष्ट्रातले पुष्कळ कारखाने सहकारी आहेत आणि असंख्य घरांत कोणी ना कोणी कारखान्याचा सभासद आहे : गावाकडचे काका, मामा, स्वतःचे वडील. दर वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा होते. तिथे उसाच्या दरावर बोलले जाते, रास्तच आहे. त्याच सभेत एका सभासदाने उठून विचारावे, की आपल्या कारखान्याच्या तळावर ऊसतोड टोळ्यांसाठी शौचालये किती आहेत, पाण्याचा टँकर येतो का, मुलांसाठी साखरशाळा चालते का, गरोदर बाईच्या खाड्याचे काय करता. कपभर चहा सोडण्यापेक्षा हा प्रश्न अवघड आहे, कारण तो चार ओळखीच्या माणसांसमोर विचारावा लागतो. त्याचे वजनही तितकेच जास्त आहे.

छोट्या चांगल्या कामांबद्दल एक जुनी शंका अशी, की त्यांनी माणूस सुस्तावतो; एक ठिपका काढला की पुण्य जमा झाले असे वाटून पुढची दहा कामे टाळतो. २०१० साली टोरांटोच्या नीना मझार आणि चेन-बो झोंग यांनी एका प्रयोगात दाखवले की पर्यावरणपूरक वस्तू विकत घेतलेली माणसे नंतर जास्त खोटेपणा करताना आढळली. निष्कर्ष खूप गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसे काही आढळले नाही. म्हणजे सुस्तावण्याचा धोका नाहीच असे नव्हे. पण त्या भीतीने छोटी कामे थांबवायला पुरेसा आधार नाही. अनुभव उलटही सांगतो. ज्या घरात ठिपका काढला जातो, तिथे कचरा घेणाऱ्या ताई कोण, पावसात त्यांच्याकडे रेनकोट आहे का, महिन्याचे ठरलेले पैसे वेळेवर जातात का, हे प्रश्न केव्हातरी येतात. लक्ष एकदा वळले की ते थोडे पुढे सरकते.

घरकाम करणाऱ्या बायकांच्या बाबतीतही तेच. पुण्यात १९८० च्या सुमारास मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. तेव्हा आजारपणाची रजा मागणेही उद्धटपणा समजला जाई. राज्याने घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये केला. तरी भरपगारी सुट्ट्या किती, दिवाळीचा बोनस किती, दर वर्षी पगारवाढ किती, हे अजूनही प्रत्येक घर आपल्यापुरते ठरवते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काही घरांनी काम बंद असतानाही पूर्ण पगार दिला, काहींनी अर्धा, काहींनी काहीच नाही. अर्धा देणाऱ्यांतल्या कित्येकांचा स्वतःचा पगार कापला गेला होता. पूर्ण जमत नाही म्हणून काहीच न देण्यापेक्षा तो अर्धा पगार कितीतरी मोलाचा होता. त्या महिन्यात त्यावर कोणाच्या तरी घरी धान्य आले.

इतके सगळे एकाच आठवड्यात कोणाला जमणार नाही आणि जमवायचेही नाही. एक गोष्ट निवडावी, ती अंगवळणी पडू द्यावी, मग दुसरीकडे पाहावे. निवडताना एवढे बघावे की आपल्या सवयीचा भार दुसऱ्या टोकाला कोणाच्या हातावर पडतो आणि ते टोक आपल्यापासून किती जवळ आहे. पुण्यातल्या घरांसाठी सगळ्यांत जवळचे टोक दारातच असते. ‘स्वच्छ’च्या तीन हजारांहून अधिक कचरावेचक रोज सकाळी या शहराची दारे वाजवतात. त्यांतल्या आपल्या मजल्यावर येणाऱ्या ताईंना उद्या त्यांचे नाव विचारावे. त्यांना घाई नसेल तर कचरा कसा बांधून दिला म्हणजे सोयीचे पडेल, हेही विचारावे, आणि त्या सांगतील तसे परवापासून करावे.